श्रावण पेंटरचा पिवळा

श्रावण माहा लहाना भाऊ. सख्खा, पाठचा. देवळीत 'श्रावण पेंटर' म्हटलं का बस स्टँडावरचा चहावाला हातातली गाळनी खाली ठेवून घर दाखवते. असा भाऊ साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसऱ्या कोनाले नाई, हे मी छाती ठोकून सांगतो. ज्याले पटत नसन त्यानं आपला भाऊ घेऊन यावं, समोरासमोर उभे करू. मी शिकलो सातवीपर्यंत, पन गोष्ट सांगाले सातवी पुरते. अन् गोष्ट त्याची हाय, म्हून मधात मधात 'मी मी' करनार नाई. सारं गाव मले बंडूजी म्हनते, सुतार बंडूजी. तर गोष्टीतही बंडूजीच येईन. बंडूजीबद्दल काही चांगलं आलं तर ते खरं हाय म्हून आलं, असं समजा.

तर श्रावण. लहानपनी मोठा गरीब पोरगा. बाप सुतारकी करे, ते काम बंडूजीनं उचललं, पन श्रावणच्या हाती रंधा टिकेना. रंध्यातून निघालेल्या छिलक्यावर तो कोळशानं नावं काढत बसे. बाप कावला, "हा पोट्टा भूक लागली का अक्षरं खाईन काय?" तवा बंडूजीनं त्याचा हात धरला अन् सरळ भैय्याजी पेंटरच्या दुकानात नेऊन उभा केला. हे काम बंडूजीनं केलं नसतं तर देवळीचे बोर्ड कोनं लिवले असते, याचा इचार ज्याचा त्यानं करावा.

भैय्याजी म्हंजे कापसाच्या पऱ्हाटीसारखा वाळलेला, उंच मानूस. गळ्यात माळ, चहाच्या वर कशाचा नाद नाई. त्यानं पयल्या दिवशी श्रावणले ब्रश कसा धराचा हे शिकवलं नाई. पयल्या दिवशी शिकवलं का ब्रश चाटाचा कसा.

"व्होटात धर. आता दाब. फिरव. काढ भाईर. पाह्य बरं टोक."

टोक सुईसारखं आलतं.

"बेटा, चाटल्याबिगर ब्रशाले टोक येत नाई," भैय्याजी म्हनला, "अन् टोकाबिगर पेंटर म्हंजे निसता चुना मारनारा."

श्रावणनं ते मंत्रासारखं धरलं. रंगात बुडवला, रेघ मारली, तारपिनात धुतला, व्होटातून काढला, पुन्हा रेघ. दिवसातून किती वेळा, हे मोजाची गोष्ट नाई. मानूस श्वास मोजते काय? त्याले रंगाच्या चवी पाठ झाल्या. काळा कडवट, लाल तुरट, निळ्याले चवच नाई. पिवळा गोड. डोळे बांधून ब्रश देल्ला तरी तो रंग सांगे. बंडूजी ओळखीच्या लोकाइले बोलावून हा खेळ दाखवे अन् शेवटी म्हने, "हाय कोनाचा भाऊ असा?"

काय दिवस होते बाप्पा ते! गावात शिरलं का श्रावणचं अक्षर सुरू. पिठाच्या गिरनीवर तो, कापसाच्या अडतीवर तो, शाळेच्या भिंतीवरचं सुवाक्य तो. लग्नाचा मौसम आला का घरोघरी दारावर हत्ती काढे, सोंडेत हार, अन् मधात नवरा-नवरीचं नाव असं वळनदार का नवरी माहेरी आली का पयले भिंत पाहे. कटिंगच्या दुकानावर त्यानं एकदा मिशीवाला मानूस काढला. दुकानदाराची बायको डबा घेऊन आली, बोर्डाकडं पाहून म्हने, "तुमच्याहून तर हाच बरा दिसते." दुकानदार मंग दोन दिवस श्रावणशी बोलला नाई.

बंडूजी संध्याकाळी धुतलेला सदरा घालून बाजारातून चाले. काम काहीच नसे. निसतं भावाचं अक्षर वाचत जाय अन् वाचत येये.

पन त्या दोघा भावाइची खरी मजा पोळ्याले. आमच्याकडं मोठा पोळा झाला का दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आदल्या दिवशी खऱ्या बैलाइचा मान, दुसऱ्या दिवशी लेकराइच्या लाकडी नंदीचा. लाकडाचा बैल, खाली चाकं, गळ्यात दोरी, लेकरू पुढं अन् नंदी मांगं. लाकूड बंडूजीचं, रंग श्रावणचा. बंडूजी सागवानाशिवाय दुसऱ्या लाकडाले हात लावत नसे. श्रावण अंगाले पांढरा मारे, पाठीवर झूल काढे, डोळ्यात काजळ भरे अन् सगळ्यात शेवटी शिंग. शिंग पिवळं. असं तसं पिवळं नाई, उन्हात धरलं का डोळे मिटावं असं पिवळं. देवळीत पिवळ्या शिंगाचा नंदी म्हंजे बंडूजी-श्रावणच्या घरचा, हे सही केल्याबिगर कळे. केळझर, सेलू, पार तळेगावपर्यंत ते नंदी गेले. ज्या पोट्ट्याइनं ओढले, त्याइच्या लेकराइनं तेच ओढले.

मंग भैय्याजी थकला. त्याचा उजवा पंजा मनगटातून लोंबाले लागला, जसं काही कोनं दोरी कापली. पोट दुखे, चिडचिड करे. गाव म्हने, "लपून पेत असन." ज्या मानसानं जन्मात थेंब घेतला नाई, त्याले गावानं मेल्यावर बेवडा करून टाकलं. श्रावणले ते लय लागलं. पन कारन त्यालेही मालूम नोतं.

पुढं फ्लेक्स आला. मशीन एका घंट्यात दहा बोर्ड काढून देये, तेबी फोटोसकट. दुकानावरचं श्रावणचं अक्षर एक एक करून फ्लेक्साच्या मांगं दबलं. वारा सुटला अन् फ्लेक्स फाटला का खालून तो डोकावे, जुन्या ओळखीच्या मानसासारखा. ज्या दुकानातून रंग येये, ते दुकान बंद होनार म्हून कळलं, तवा श्रावणनं तिथले राहिलेले पिवळ्याचे सारे डबे उचलून आनले अन् खाटेखाली लावून ठेवले. "नवे पिवळे म्हंजे वरनाचं पानी," तो म्हने. "हा पिवळा पुन्हा होनार नाई."

आता त्याच्या हाती दोनच कामं राह्यली. पोळ्याचे नंदी, अन् कोनी हौशी मानूस जुना लोखंडी बोर्ड आनून देये, "तसाच लिवून दे" म्हने, ते. आंगनात बसून तो जुना रंग पॉलिश पेपरनं घासे. पिवळी भुकटी उडे, अंगावर बसे, तुळशीवर बसे, वाळत घातलेल्या मिरच्यावर बसे. सून ज्योत्स्ना झाडून टाके. नात गुड्डी तिथंच खेळे.

गुड्डी म्हंजे त्याचा पोरगा मुकेश अन् ज्योत्स्ना, याइची एकुलती एक. अडीच वर्साची. श्रावणची बायको प्रमिला गेल्यावर तो मानूस आंबून गेलता. गुड्डीनं त्याले पुन्हा बोलतं केलं. तिच्यासाठी त्यानं तळहाताएवढा नंदी रंगवला, तिचे दात येऊन राह्यले होते तवा. शिंगाचं टोक तिनं चावून चावून पांढरं केलं. श्रावण हासे, "पाह्य, पेंटरची नात हाय. चव घेऊन रंग ओळखते."

यंदाच्या उन्हाळ्यात श्रावणचं पोट धरू लागलं. कळ आली का उकिडवा बसे अन् दात खाये. गॅसच्या गोळ्या झाल्या, ओवा झाला, लिंबू झालं. चेहरा उतरलेल्या चुन्यासारखा. ज्या मानसानं कोनाले 'अबे' म्हटलं नाई, तो मुकेशवर ताट फेकून मोकळा. पन हे काहीच नाई. एके दिवशी नंदीच्या डोळ्यात काजळ भरत होता अन् ब्रश खाली घसरला. काजळाचा ओघळ पार गालापर्यंत. त्यानं पुसलं, पुन्हा धरलं. पुन्हा घसरलं. हात वर उचलाले गेला तर पंजा उठेचना. मनगटातून लोंबत होता.

श्रावणनं तो हात दुसऱ्या हातानं मांडीवर ठेवला अन् त्याच्याकडं पाहत राह्यला. तो हात त्यानं याच्या आधी पाह्यलेला होता. भैय्याजीचा.

कोनाले सांगतलं नाई त्यानं. पन बंडूजीपासून काय लपते? बंडूजीनं नंदीच्या गालावरचा डाग पाह्यला.

"हे काय होय?"

"नंदी रडून राह्यला."

"श्रावण, हात दाखव."

"दादा, काही नाई..."

"दाखव म्हनतो ना बे!"

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीनबाई तरुन, पन नजर सुईसारखी. तिनं इचारलं, "दारू?"

बंडूजीनं लगेच सांगतलं, "बाई, आमच्या घरान्यात दारूचा थेंब नाई. माही नाडी पाहा, घोड्यासारखी चालते."

"तुम्ही पेशंट आहात का?"

"नाई, मोठा भाऊ हाय."

"मग जरा वेळ फक्त मोठे भाऊ राहा."

श्रावणले हासू आलं, लय दिवसानं. डॉक्टरीनबाईनं कागद पुढं केला अन् पेन देल्लं, "इथं सही करा, डाव्या हातानं जमेल तशी." श्रावणनं पेन घेतलं अन् लिवाच्या आधी त्याचं टोक व्होटात धरून फिरवलं.

डॉक्टरीनबाईचा हात थांबला. "हे काय केलं?"

"काय?"

"पेन तोंडात घातलं तुम्ही."

"टोक आनलं," श्रावण म्हनला.

"पेनाला?"

आता श्रावणलेच समजलं. तो वरमला. बंडूजीनं मात्र साऱ्या खोलीले ऐकू जाईन असं सांगतलं का पेंटर लोकाइची रीतच हाय ते, चाटल्याबिगर टोक नाई, अन् माहा भाऊ डोळे बांधून रंग ओळखते, पिवळा गोड लागते त्याले. डॉक्टरीनबाईनं एकही शब्द हासन्यावारी नेला नाई. तिनं श्रावणचे व्होट उलटवले, हिरड्या पाह्यल्या. दाताच्या बुडाशी निळसर काळी रेघ होती, पेन्शिलीनं ओढल्यासारखी. तिनं रक्त घेतलं.

आठवड्यानं रिपोर्ट आला. तिनं खुर्ची जवळ ओढली अन् सांगतलं.

"काका, तुमच्या रक्तात शिसं आहे. खूप आहे. जुन्या पिवळ्या रंगात शिसं घालत असत, रंग चमकावा म्हणून. आता घरच्या रंगात ते घालायला मनाई आहे. तुमच्याकडे डबे जुने असतील. ब्रशातून ते पोटात गेलं, बोर्ड घासताना धुळीतून छातीत गेलं. शरीराला ते लवकर बाहेर टाकता येत नाही, हाडात साठवून ठेवतं. पोटाची कळ त्याचीच. रक्त कमी झालं ते त्यानंच. मनगटाची नस त्यानंच धरली."

"हात येईन?" श्रावणनं इचारलं.

"औषध देते. मनगटाला पट्टी लावते. पण रंग थांबला तर. न थांबता औषध म्हणजे फुटक्या माठात पाणी." मंग तिनं इचारलं, "घरात लहान लेकरू आहे का?"

श्रावणच्या डोळ्यापुढं ते शिंग आलं. टोकाले पांढरं झालेलं.  बंडूजीनं सांगतलं, "नात हाय," अन् बंडूजीचा आवाज त्या दिवशी पयल्यांदा बारीक निघाला.

गुड्डीच्या रक्तातही निघालं. आज्याइतकं नाई, पन निघालं. डॉक्टरीनबाई ज्योत्स्नाले म्हनली, "वरून काही दिसणार नाही. खेळेल, हसेल. पण लेकराचा मेंदू वाढत असतो, त्याला हे थोडंसुद्धा जास्त होतं. पुढं शिकण्यात, लक्ष लागण्यात मागं पडतं. वेळेत कळलं आहे. आजपासून थांबलं तर रक्तातलं उतरत जाईल. दूध, पालक, गूळ, पोटभर जेवण. आणि त्या धुळीपासून दूर."

घरी आल्यावर ज्योत्स्नानं गुड्डीचे कपडे पिशवीत भरले. भांडली नाई, रडली नाई. ती भांडली असती तर श्रावणले बरं वाटलं असतं.

"मामाजी, मी रुसून नाई जाऊन राह्यली," ती सासऱ्याले म्हनली. "केळझरले माहेरी राह्यतो. घर साफ झालं का येईन."

"पोळ्यापर्यंत येशीन?"

"तुमच्या हाती हाय."

गुड्डी एसटीच्या खिडकीतून हात हालवत गेली. आता एकच आस होती श्रावणच्या जिवाले. हात गेला तरी चालन, बोर्ड गेले ते तर गेलेच होते. तान्ह्या पोळ्याले गुड्डीनं या आंगनात नंदी ओढला पायजे.

मंग लागला तो. डॉक्टरीनबाईनं सांगतल्यापरमाने कोरडा झाडू बंद, सारं ओल्या फडक्यानं. मुकेश अन् श्रावण तोंडाले मास्क लावून आंगनाची वरची माती ओलवून ओलवून खरडत होते, पोत्यात भरत होते, वरून नवा मुरूम पसरत होते. मिरच्या फेकल्या. खाट धुतली. बंडूजी खुर्ची टाकून देखरेख करे.

"तिकडं कोपऱ्यात राह्यलं."

"मोठे बाबा, उठून दाखवा ना कोन्या कोपऱ्यात," मुकेश म्हने. तो बंडूजीले मोठे बाबा म्हने.

"बसून दिसते त्याले उठाची काय गरज?"

डबे राह्यले. नाल्यात फेकू नका, जाळू नका, लेकराच्या हाती लागू नयेत असे बंद ठेवा, कुठं द्याचे ते मी इचारून सांगते, असं डॉक्टरीनबाईनं बजावलं होतं. बंडूजीनं पेटी बनवली. सागवानाची.

"दादा, मेलेला रंग ठेवाले सागवान कायले?" श्रावण म्हनला.

"आंब्याच्या लाकडात बंडूजी काम करत नाई. मुर्दा कोनाचाही असो."

पेटीवर 'हात लावू नये' लिवाचं होतं. श्रावणनं नवा बिनशिशाचा निळा आनला, डाव्या हातानं लिवाले बसला. सवयीवर भरवसा नोता म्हून नाकातोंडावर दुपट्टा बांधला. लिवून झाल्यावर दुपट्टा सोडला तर तोंडाच्या जागी निळे निळे ठिपके, थव्यानं पाखरं बसल्यासारखे. तेवढ्या वेळा हात व्होटाकडं गेलता अन् त्याले पत्ताच नोता. अक्षरही वाकडं आलं. जन्मातलं पयलं वाकडं अक्षर. तो हासला नाई, रडला नाई. दुपट्टा धुवाले टाकला, दुसरा बांधला अन् ओल्या चिंधीवर टोक आनाची सवय करत बसला.

पोळ्याच्या चार रोज आधी त्यानं केळझरले फोन लावला. "ज्योत्स्ना, आंगन असं झालं का जमिनीवर भात वाढावा."

 ती म्हनली, "मामाजी, गुड्डी काही आपल्याच आंगनात खेळत नाई. बाजूच्या घरी पिवळ्या शिंगाचा नंदी हाय. समोर हाय. इथं माह्या माहेरीही तुमचाच नंदी निघाला, मी माळ्यावर टाकला. माह्यी पोरगी वाचली, अन् त्याइची?"

श्रावण फोन कानालेच धरून बसला, तिनं ठेवला तरी.

रात्री जेवताना त्यानं मोठ्या भावाले सांगतलं का गावाले सांगतो. बंडूजी उसळला.

"येडा झाला काय तू? कायले सांगाचं? तीस वर्स लोकाइनं आपला नंदी डोक्यावर घेऊन नाचवला. आता त्याच तोंडानं सांगशीन, का तो इखाचा होता?"

"होता."

"तुले मालूम होतं काय?"

"नाई."

"मंग!"

"भैय्याजीलेही मालूम नोतं, दादा," श्रावण म्हनला. "त्याले कोनी सांगतलं असतं तर तो बेवडा म्हून मेला नसता. आपलं नाव जाईन म्हून मी ऊगी बसलो, तर ते नाव ठेवू कुठं? आता बोर्डही नाई राह्यले."

बंडूजीनं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली अन् हात धुतला. ताटात अन्न टाकून बंडूजी उठला, असं आजवर एकदाच झालं.

पोळ्याचा दिवस. आदल्या सांजेले बैलाइचे खांदे हळद-लोन्यानं शेकून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हून झालतं. दुपारून सारे बैल आखरावर, गावची गुरं जमतेत त्या मैदानात. अंगावर झुली, शिंगाले बेगड, कपाळावर बाशिंग. आंब्याच्या पानाचं तोरन लांबच लांब. तोरन तुटाच्या आधी झडत्या म्हनाच्या, अशी रीत. एकानं पुढं होऊन तालावर चार ओळी फेकाच्या, त्यात टोमना असन, इनोद असन, अन् शेवटी साऱ्याइनं 'हर हर महादेव' वरडाचं. झडत्यात बंडूजीचा हात धरनारा देवळीत कोनी नाई. त्या दिवशीही त्याच्याजवळ एक तयार होती, साऱ्या गावाले हासवनारी. तो पुढं व्हाले पाय उचलते, तर त्याच्या आधी श्रावण पुढं झालता.

श्रावण. ज्यानं जन्मात झडती म्हटली नाई. मनगटाले पट्टी, चेहरा पांढरा. लोकाइले वाटलं काही चुकून राह्यलं. श्रावणनं घसा साफ केला.

"पिवळा रे पिवळा, नंदी माहा पिवळा,
शिंगाच्या रंगात इखाचा गोळा.
लेकराच्या तोंडी देऊ नका कोनी,
श्रावण पेंटर सांगे तोरनाखालूनी.
घासू नका, जाळू नका, आना माह्या दारी,
हात माहा गेला, पन लेकरं ठेवा बरी!
एक नमन गौरा पारबती, हर बोला..."

अन् तो थांबला. पुढचं साऱ्याइनं म्हनाचं असते.

कोनी म्हटलं नाई. बैलाच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत होत्या. मांगून चहावाला प्रफुल वरडला, "अबे श्रावण, पयले इकले, आता इख म्हनते काय?" दोघं-चौघं हासले. श्रावण तसाच उभा होता. त्याचा लोंबता पंजा त्यानं दुसऱ्या हातात धरला होता. पळून जावं वाटत होतं त्याले, पन तोरनाखालून मांगं फिराचं नसते.

तवा बंडूजीनं छाती भरून घेतली. साऱ्या देवळीत त्याच्यासारखा आवाज नाई, हे आधी सांगतलंच असन, नसन सांगतलं तर आता सांगतो. त्यानं एकट्यानं असं "हर हर महादेव!" मारलं का जवळची बैलजोडी बिचकून तोरनाच्या पार गेली अन् तोरनच तुटलं. मंग आखरभर लोकं वरडले. हासत वरडले, घाबरून वरडले, पन वरडले. कोनी श्रावणजवळ येऊन काही बोललं नाई. बैल घरोघर गेले, पुरनपोळीचा नैवेद्य झाला.

सांजेले त्यानं केळझरले फोन लावला. "सांगतलं मी."

"बरं," ज्योत्स्ना म्हनली. बस, येवढंच.

दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याची सकाळ. पुरतं उजाडलं नोतं तर रस्त्यानं लोकं गावाची पीडा शिवेभाईर टाकाले पळसाच्या डांग्या घेऊन वरडत चालले होते, "ईडा पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!" श्रावणनं कडी काढली, दार ढकललं. दाराले काही अडलं. त्यानं डोकं भाईर काढून पाह्यलं.

नंदी.

ओट्यावर, पायरीवर, नव्या मुरमावर, फाटकापर्यंत. कोनाचं चाक गेलेलं, कोनाचा कान तुटलेला, कोनाच्या गळ्यात अजून लेकराची दोरी. ज्याइचे आजे आता नाई, त्याइच्या घरचेही. कधी आनून ठेवले कोनाले मालूम! कित्येकाच्या शिंगावरचा पिवळा उडून खालचं लाकूड दिसत होतं. तो रंग कुठं गेला, हे श्रावणले कोनी सांगाची गरज नोती. तो पायरीवर बसला अन् पयल्यांदा रडला.

बंडूजी आला. त्यानं एक नंदी पायानं सरकवला, वाकून पाह्यलं अन् म्हनला, "पाह्य, तीस वर्स झाले. माह्या लाकडाले कीड नाई लागली." मंग ताडपत्री आनून त्यानं साऱ्या नंदीवर टाकली, चारी कोपऱ्यावर इटा ठेवल्या.

त्या इटा ठेवून राह्यला तितक्यात मुकेशची मोटरसायकल फाटकात थांबली. मांगं ज्योत्स्ना, मधात गुड्डी. ज्योत्स्ना उतरली. तिच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला एक नंदी होता, केळझरचा. तिनं ताडपत्रीचा कोपरा उचलला, पिशवी आत सरकवली अन् कोपऱ्यावर पुन्हा इट ठेवली. मंग सासऱ्याच्या पाया पडली.

"आबा, माहा बैल?" गुड्डी म्हनली.

श्रावण घरात गेला अन् घेऊन आला. बंडूजीनं नवा केला होता, गुडघ्याएवढा. त्याले रंगाचं बोट नोतं. निसतं सागवान, जवसाच्या तेलानं पुसलेलं. पाठीवर झुलीच्या जागी लाकडाच्याच रेघा चढत-उतरत गेलत्या. गुड्डीनं त्याच्याभोवती चक्कर मारली. बसली. शिंग निरखून पाह्यलं, अन् सरळ तोंडात घातलं.

ज्योत्स्नाचा हात झटकन पुढं आला.

"राहू दे, बाई," श्रावण म्हनला. "चाव, माय, चाव. लाकूडच हाय."

"अन् बंडूजीचं हाय," बंडूजी म्हनला. "दात पडतीन, शिंगाले काही होत नाई."